दानेश्वरीची पाठ

जिल्हा शरीरसौष्ठव स्पर्धेत पंचांच्या टेबलामागे पाच खुर्च्या होत्या आणि त्यांतली एकच बाईची होती. वैजयंती तिथं बसली की निवेदक दरवेळी माइकवरून ओरडायचा, "आमच्या पॅनलवर महिलासुद्धा आहेत बरं का!" मग टाळ्या पडायच्या. एका बाईला बसवलं म्हणून किती ते कौतुक!

वैजयंतीनं स्वतः ऐन उमेदीची वर्षं मंचावर काढली होती. 'बाई कमी, पहिलवान जास्त' म्हणून तिला कायम मागे ठेवलं गेलं. म्हणूनच ती हट्टानं पंच झाली, निदान आपण तरी पोरींकडे नीट बघू म्हणून. खुर्ची मिळाली, पण तिचा काच बसल्यावर कळला. पाचही पंच स्पर्धकांना क्रमांक देतात. प्रत्येकीला मिळालेला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा क्रमांक काढून टाकतात आणि मधल्या तिघांची बेरीज धरतात; जिची सगळ्यांत कमी, ती पहिली. कुणी आपलंच माणूस पुढे रेटू नये म्हणून केलेला चांगला नियम. पण ज्या पंचाचा क्रमांक असा वारंवार बाद होतो, त्याची नजर कच्ची ठरते. वैजयंतीचे क्रमांक मागच्या दोन्ही स्पर्धांत असेच बाद झाले होते.

मुख्य पंच सयाजीरावांनी सकाळीच तिला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, या खेपेला जरा सगळ्यांबरोबर राहा. नाहीतर तुमचं नाव पुढं ठेवणं मला अवघड जाईल."

मग सगळ्या पंचांना बसवून म्हणाले, "महिला फिजिकमध्ये पहिलवान नको आपल्याला. बाई बाईसारखी दिसली पाहिजे."

बाईसारखी म्हणजे कशी, हे नियमांत कुठंच नव्हतं. ते जो तो आपापल्या घरून घेऊन आला होता.

मुलींच्या खोलीत गुरम्मानं वैजयंतीला गाठलं होतं. तिची लेक दानेश्वरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होती आणि शिफ्ट संपली की सायकल थेट जिमकडे वळवायची. गुरम्मा म्हणाली, "पैली आली आन् राज्याला गेली तर पावनं एक वरीस थांबतो म्हनलेत. न्हाईतर दिवाळीनंतर लगीन. मग कुटलं जिम आन् कुटलं काय!"

राज्यस्पर्धेला पहिलीच जाणार होती.

मुली मंचावर आल्या. अंगभर तपकिरी रंग, वर दिव्यांचा झोत आणि खाली मोबाइल वर धरून बसलेले पुरुष. टेंभुर्णीची मुलगी दिसायला देखणी, अंगानं नाजूक, हसणं तोंडावरून हलत नव्हतं. दानेश्वरी हसायला विसरत होती. पण पोझ एकेक पारखून घ्यावी अशी. या गटात मुठी आवळायच्या नसतात, पंजे उघडे ठेवायचे असतात. तिची बोटं शेवटपर्यंत मोकळी राहिली. मग ती वळली, दोन्ही हात वर घेतले आणि चादर झटकून पसरावी तशी तिची पाठ उघडली.

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी पाठ तिनं या जिल्ह्यात कुणाही बाईची पाहिली नव्हती, स्वतःचीसुद्धा नाही. पहिली हीच, यात शंकाच नव्हती.

तिनं शेजारी पाहिलं. तालमीत हयात गेलेले ईरप्पा डोळे बारीक करून बसले होते. बायकांनी हे कशाला करायचं, असं ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. पलीकडे जिमवाला शिवकुमार, सयाजीरावांच्या उठण्याबसण्यातला. पाचवा पंच तर सयाजीरावांनीच आणलेला. म्हणजे चौघंही टेंभुर्णीला पहिली देणार. आपण एकटीनं दानेश्वरीला पहिली दिली तर तो क्रमांक बाद होणार, तिचं काही भलं होणार नाही आणि आपली खुर्ची मात्र जाणार. खुर्ची राहिली तर पुढच्या एखाद्या पोरीच्या कामी येईल. माणूस स्वतःला किती पटकन पटवतं! तिनं टेंभुर्णीला पहिली लिहिलं आणि दानेश्वरीला दुसरी.

निकाल लागला. टेंभुर्णीची पहिली, दानेश्वरी दुसरी. सयाजीराव हसून म्हणाले, "आता तयार झाली तुमची नजर."

चहाच्या टेबलाशी ईरप्पा कप हातात धरून नुसते उभे होते. "मी आन् शिवकुमारनं त्या पोरीला पैली दिली हुती," ते म्हणाले. "कसली पाठ हो! आमी म्हनलं तिसऱ्या तुमी असनारच की. मग कोन फिरलं?"

 कप खाली ठेवून वैजयंती तशीच बाहेर पडली.

दारात दानेश्वरी उभी होती. कानामागे रंग राहिलेला, अंगावर आईची शाल. "मॅडम, तुमी पैली दिली असनार, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पन बाकीच्यास्नी काय कमी वाटलं वो माजं?"

काहीच नाही, एवढंच सांगायचं होतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

"पाठ," वैजयंती म्हणाली. "पाठ जरा जास्तच झालीय तुझी."

दानेश्वरीनं शाल पाठीवर ओढून घेतली. "मला वाटलं, तेवडीच एक चांगली हाय माजी."

"चल गं," गुरम्मानं तिचा हात धरला. "मॅडम बाईमानूस हाईत. त्यास्नी न्हाई कळनार तर कुनाला?"