पोटाच्या भिंतीवरचा पट्टा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. मी कपड्यांच्या आत राहतो आणि ज्याच्या अंगावर असतो तो माझे नाव कोणाला सांगत नाही. मी हर्नियाचा पट्टा आहे. कमरेभोवती बसेल अशी वाकवलेली पोलादी पट्टी, तिच्यावर शिवलेले मऊ कातडे, पुढे तळहातात मावेल एवढी घट्ट गादी आणि भोके पाडलेला एक चामडी बंद, एवढाच माझा देह. वय सात वर्षांचे. माणसाच्या हिशेबात मी लहान आहे, पट्ट्यांच्या हिशेबात म्हातारा.

१९८१ साली विलेपार्ल्यात मला बनवले गेले. स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या तळमजल्यावर विद्याधरकाकांची खोली होती. कमरेचे, मानेचे आणि हर्नियाचे पट्टे ते मापाप्रमाणे बनवून देत. त्यांनी माझी पट्टी लाकडी साच्यावर वाकवली, तिच्याभोवती लोकरीचा जाड थर गुंडाळला आणि वर बकरीचे कातडे हाताने शिवले. टाके इतके बारीक होते की अंगाला एकही टोचत नसे. मी ज्याच्यासाठी बनलो तो गुणाजी. वय बेचाळीस, गाव मालवणकडचे, राहायला जोगेश्वरीला. तो तिथल्याच एका बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचे काम करी.

मी तयार झाल्यावर तो मला न्यायला आला, तेव्हा पडद्यामागे काकांनी त्याला पुन्हा तपासले. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा होता. उभे राहिले की येई, आडवे झाले की आत जाई.

गुणाजीने विचारले, "काका, माझ्या पोटाला भोक पडलंय काय?"

"भोक नाही. वाट आहे. ये, दाखवतो."

काकांनी टेबलावर मांजरपाटाच्या कापडाचे तीन तुकडे एकावर एक ठेवले. मी बाजूलाच पडलो होतो, म्हणून तो धडा मीही ऐकला.

"छातीला फासळ्यांचा पिंजरा आहे, पाठीला कणा आहे," काका म्हणाले. "पोटाला पुढून काय आहे? हाडच नाही. सगळी भिंत मांसाची. कातडी, खाली चरबी, मग हे तीन स्नायू. बाहेरच्याचे धागे तिरपे उतरतात, खिशात हात घालताना बोटं जातात तसे. मधल्याचे उलटे, वर चढणारे. आतल्याचे आडवे, शेला गुंडाळावा तसे. तीन थर, तीन दिशा. प्लायवूड याच युक्तीनं टिकतं. मधोमध छातीपासून खालपर्यंत दोन उभे स्नायू. आणि सगळ्यांच्या आत पातळ अस्तर. त्या अस्तराच्या आत आतडी."

"मग माझी आतडी बाहेर कशी?"

"आईच्या पोटात असताना मुलग्याच्या वृषणाच्या गोळ्या वर असतात, पाठीशी, मूत्रपिंडाजवळ. जन्माआधी त्या खाली उतरतात आणि जाताना ही भिंत ओलांडून जातात. जी वाट पडते ती जन्मभर राहते. दीड इंचाचा तिरपा बोगदा. त्यातून नसा आणि वीर्याची नळी जाते. बोगद्याला आतलं दार वेगळं, बाहेरचं दार वेगळं, समोरासमोर नाहीत. तू खोकलास, जोर केलास, की स्नायू आवळतात आणि बोगदा दाबून बंद होतो. पण जोर वर्षानुवर्षं केला की आतलं दार सैल पडतं. मग अस्तर पुढे येतं आणि त्याच्या पिशवीत आतडं."

मग त्यांनी गुणाजीला आडवे केले. एक बोट कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर ठेवले, दुसरे मध्यभागी खालच्या हाडावर. त्या दोन हाडांच्या मध्ये एक ताठ बंध दोरीसारखा ताणलेला असतो. त्याच्या बरोबर मध्यावर, अर्धा इंच वर, आतले दार. तिथे त्यांनी माझी गादी ठेवली आणि बंद आवळला.

"आता तीन गोष्टी ऐक. पट्टा सकाळी निजूनच बांधायचा. गाठ पुरती आत गेल्याशिवाय बांधायचा नाही. आणि हा इलाज नव्हे. नुसता दाबून धरलेला हात आहे. सवड काढ आणि ऑपरेशन करून टाके घालून घे."

"घेतो ना काका," गुणाजी म्हणाला.

पहिली चार वर्षे माझ्या कौतुकाची गेली. गुणाजी रोज पहाटे निजल्या निजल्या मला बांधी. कारखान्यात डब्यातून निघालेली बर्फाची लादी आकड्याने ओढायची, खांद्यावरच्या गोणपाटावर घ्यायची आणि ट्रकमध्ये चढवायची. प्रत्येक लादीला तो श्वास कोंडून जोर करी, त्याचे तिन्ही स्नायू आवळत, आणि त्या सैल दाराशी आतडे येऊन धडके. मी ते परत लोटी. दिवसातून शेकडो वेळा. घरी आल्यावर तो बायकोला म्हणे, "विमल, पट्टो झकास हा. कोणाक पत्तो नाय."

विमलाने माझ्यासाठी जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या शिवल्या, कातड्याला पावडर लावली. मला फार बरे वाटे. कोणाला पत्ता न लागणे हेच माझे मोठे यश, असे मी समजत होतो. आज वाटते, माझ्याकडून पहिली चूक तिथेच झाली. मी थोडा कमी चांगला असतो, तर गुणाजी लंगडला असता, कोणीतरी विचारले असते.

त्याला दोन गोष्टींची धास्ती होती. टाके घातल्यावर तीन महिने ओझे उचलता येत नाही. तेवढ्यात मुकादम लादीवर दुसरा माणूस घेईल आणि मग आपल्याला कोण परत घेणार, हे त्याला ठाऊक होते. दुसरी गोष्ट लाजेची. जागा अशी, की दाखवायची कोणाला? त्याची एकुलती एक मुलगी सुलक्षणा हिलाही त्याने सांगितले नव्हते.

सुलक्षणा १९८६ मध्ये नर्सिंगला लागली. हॉस्टेलवर राही, सुट्टीला घरी येई. एकदा रविवारी दुपारी ती परीक्षेचा अभ्यास मोठ्याने घोकत होती. विमला तांदूळ निवडत होती. गुणाजी भिंतीला टेकून बसला होता, आणि मी त्याच्या अंगावर होतो.

सुलक्षणा म्हणत होती, "कातडी, चरबी, बाहेरचा तिरपा, आतला तिरपा, आडवा..."

गुणाजीने हळूच विचारले, "सुला, त्या बोगद्यात आतडं अडकलं तर काय होतं गं?"

ती चमकून बघू लागली. "तुम्हाला काय माहिती बोगद्याचं?"

"कारखान्यात एकाला आहे तसं काहीतरी."

"अडकलं तर रक्त बंद होतं. पाच-सहा तास, जास्तीत जास्त. मग आतडं काळं पडतं, सडतं. त्यांना सांगा बाबा, आत्ताच करून घ्या. साधं ऑपरेशन आहे, तासाभराचं. पट्टा वापरतात का ते?"

"असेल बुवा."

"पट्ट्यावर राहू नका म्हणावं."

"सांगतो."

विमलाचा हात तांदळात थांबला होता. ती नवऱ्याकडे बघत होती. गुणाजीने मान हलवली, बोलू नको अशी. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मित्रांनो, त्या खोलीत चौघे होतो. तिघांना खरे माहीत होते आणि ज्या एकटीला काही करता आले असते, तिला माहीत नव्हते.

तोवर मी थकलो होतो. घामाने कातडे कडक झाले होते, गादी एका बाजूला दबली होती, पोलादाची ताकद गेली होती. फुगवटा लिंबाचा मोसंबीएवढा झाला होता आणि निजूनही पुरता आत जात नव्हता. विद्याधरकाका वारले होते, त्यांच्या खोलीत झेरॉक्सचे दुकान आले होते. गुणाजी मला आता उभ्यानेच बांधी, गाठ अर्धी बाहेर असताना, एकेक भोक पुढे सरकवत.

१९८७चा मे महिना होता. उन्हाळ्यात बर्फाला मागणी फार. सकाळी दहाच्या सुमारास एक लादी ट्रकच्या फळीवर अडकली. गुणाजीने खांदा लावून जोर केला. माझ्या गादीखाली काहीतरी सरकले आणि दगडासारखे घट्ट झाले. तो मटकन खाली बसला.

त्याच्याबरोबर लाद्या उचलणारा सहदेव धावत आला. पन्नाशीचा माणूस, तोंडाने फटकळ. "काय रे? चेहरा पांढरा पडलाय तुझा."

"काय नाय. कमर धरली."

गुणाजी आडोशाला गेला. त्याने गाठ आत ढकलून पाहिली. ती हलेना. तेव्हा त्याने माझा बंद धरला आणि दोन भोके पुढे ओढला. त्याला वाटले, दाबल्याने जाईल. माझ्या गादीखाली आतड्याचा तो वेढा होता, जिवंत, गरम, आणि मी त्याच्यावर सगळ्या ताकदीनिशी बसलो. मला सोडता येत नाही. ज्याने मला बांधले त्यानेच मला सोडायचे असते.

तो दोन वाजेपर्यंत काम करत राहिला. घरी आल्यावर ओकला. विमला म्हणाली, "डॉक्टराकडे चला. सुलाक निरोप देतंय."

"गप रव गो. माका काय एक झाला नाय. सुलाक कळवू नको."

"अहो, पोट बघा कसा फुगला!"

"उद्या उतरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलवेना, तेव्हा विमला शेजारच्या दुकानातून फोन करून आली. सहदेवने रिक्षा आणली, गुणाजीला दोन्ही हातांवर उचलून रिक्षात घातले. हॉस्पिटलात सुलक्षणा पांढऱ्या गणवेशात दारातच उभी होती. तिने स्वतः वडिलांची पँट सैल केली, आणि तिला मी दिसलो.

तिने माझा बंद सोडला. माझ्याखालची कातडी निळी-काळी झाली होती, तिच्यावर माझ्या शिवणीचा एकेक टाका उमटला होता.

"आई, हा कधीपासून?"

"सहा वरसां झाली," विमला म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

सुलक्षणाने वडिलांकडे पाहिले. गुणाजी तिच्याकडे बघत नव्हता. छताकडे बघत तो म्हणाला, "सांगितलं होतं गं मी त्याला, सुला. ऐकलं नाही त्यानं."

दुपारी त्याला ऑपरेशनला नेले. हातभर आतडे मेले होते, ते कापून काढले. पण विष अंगात पसरले होते. चौथ्या दिवशी सकाळी गुणाजी गेला. त्याचा बुशशर्ट, पँट आणि मी, असे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून विमलाच्या हातात दिले.

विमलाने मला टाकले नाही. तिने मला धुतले, सावलीत वाळवले, ट्रंकेत ठेवले. त्याच्या अंगाचा वास तेवढ्याच एका वस्तूला उरला आहे, असे ती एकदा सुलक्षणाला म्हणाली. सुलक्षणा म्हणाली, "जाळून टाक तो आई." पण आईच्या हातून ओढून घ्यायचे तिला धाडस झाले नाही.

पाच महिन्यांनी, नवरात्र संपल्यावर, सहदेव घरी आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. मग खाली बघून म्हणाला, "वहिनी, तो पट्टा आहे काय हो? मलापण तेच झालंय. दोन वर्षं झाली."

विमलाचा हात कपाळाला गेला. "भावजी, तुम्ही डोळ्यांनी बघितलात ना सगळा?"

"बघितलं. म्हणूनच घाबरलोय. करून घेणार ना ऑपरेशन. दिवाळी जाऊ दे, पोरीचं लग्न आहे. तोवर फक्त."

विमला बराच वेळ ट्रंकेशी बसून राहिली. ज्याने नवऱ्याला दोन्ही हातांवर उचलून नेले, त्याला नाही कसे म्हणायचे, ते तिला समजेना. तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

दिवाळी गेली. लग्न झाले. होळीही गेली. मी सहदेवच्या अंगावर आहे. गुणाजीच्या मापाचा मी त्याला नीट बसत नाही. माझी गादी दारावर येत नाही, एका बाजूला येते.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या माझ्यासारख्या वस्तू शेवटी आपली निगा राखा म्हणून सांगतात. मी ते सांगत नाही. तुमच्या घरात कोणी उठताना जांघेवर हात धरत असेल, खोकताना वळून उभा राहत असेल, तर त्याला विचारा. तो काही नाही म्हणाला तर पुन्हा विचारा. माझ्यावर विसंबू नका. आतडे अडकल्यावर मी उपयोगाचा नाही, उलट वैरी आहे. हे मी मोठ्याने सांगितले असते, पण मी ज्यांच्या अंगावर असतो त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही.

गेल्या आठवड्यात सुलक्षणाला ट्रंकेत मी सापडलो नसेन. आईने खरे सांगितले असावे. कारण एका सकाळी ती ड्युटीआधी कारखान्याच्या फाटकाशी आली. वॉचमनला म्हणाली, "सहदेवकाकांना बोलवा. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी स्वतः बरोबर राहीन म्हणावं."

सहदेवने तिला आधीच पाहिले होते. तो बर्फ झाकायच्या भुशाच्या पोत्यांमागे सरकला आणि वॉचमनला हाताने खूण केली.

"रजेवर आहे तो," वॉचमन म्हणाला.

ती अर्धा तास उन्हात उभी राहिली. सहदेव पोत्यांमागे वाकून बसला होता, आणि त्याचा एक हात कपड्यांवरून मला घट्ट दाबून होता. मग तिने घड्याळ पाहिले आणि ती बसस्टॉपकडे गेली. ट्रक भरायचा राहिला होता. सहदेव बाहेर आला, त्याने खांद्यावर गोणपाट टाकले आणि लादीला आकडा लावला.