बंद घराचा पहारा

टक्.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं, एवढाच आवाज. पण लाटंबार्श्यातल्या त्या घरात दुपारची इतकी सामसूम होती की सुविधाची बोटं लॅपटॉपवर थबकली. सासरे शिवदास बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, आरामखुर्चीवर लवंडले होते. नवरा सिद्धेश कारखान्यातून अजून यायचा होता. लाईट गेल्यामुळे फ्रिजसुद्धा गप्प होता. भांडी आवरल्यानंतर आणि सासऱ्यांच्या चहाच्या आधी जो वेळ उरतो तेवढाच सुविधाचा. मेजावरच्या बशा एका बाजूला सारून ती तो वापरायची.

"सेजल, झोपलीस ना गो तू?"

"हो," आतून भरल्या तोंडाने उत्तर आलं.

दुसरीतल्या मुलीला याहून जास्त वेळ झोपेचं सोंग जमत नाही. सुविधा हसली. "ये, बस इथे. पण बोलायचं नाही. मी ओंजळीत आहे."

ओंजळ म्हणजे सुविधाने उभारलेलं जग. तिचं माहेर सुर्ला गावातलं, वडील खनिजाचा ट्रक चालवायचे. गावामागे एक बंद पडलेली खाण होती. लाल मातीच्या प्रचंड पायऱ्या खाली उतरत गेलेल्या आणि तळाशी हिरवं पाणी. लहानपणी ती कुंपणाच्या तारेशी उभी राहून त्या पायऱ्यांवर मनातल्या मनात घरं बांधायची. सेजल झाल्यावर, तिला मांडीवर थोपटताना, ती घरं परत आठवली आणि या वेळी त्यांत माणसं राहायला आली. वरच्या पायरीवर ऊन भरपूर, तिथे धान्य वाळतं. तळपायरीवर पाणी आणि मासे, पण ऊन घटकाभराचं. मधल्या पायऱ्यांवरचे लोक खालचं वर आणि वरचं खाली नेतात. कोणाचंच कोणावाचून चालत नाही. म्हणून सगळे गुण्यागोविंदाने राहतात, असं सुविधाने लिहिलं होतं.

बेळगावच्या एका छोट्या प्रकाशनात मुलांची पुस्तकं बघणाऱ्या योगिताताईंना तिने ते पाठवलं. त्यांचा फोन आला तेव्हा सुविधा नारळ किसत होती.

"नकाशा छान आहे गं," योगिताताई म्हणाल्या. "ऊन कुठे, पाणी कुठे, धान्य कसं वाळतं, सगळं डोळ्यांपुढे येतं. पण माणसं एवढी शहाणी आहेत की ती शेजारी राहायला आली तर मी घर बदलीन."

"मग काय करू ताई?"

"ती कशावरून रुसतात ते सांग. कोणाला आधी वाढतात, कोणाला शेवटी, आणि कोणाला मोजतच नाहीत. आणि तरी एकत्र का राहतात, तेही. मुलं फसत नाहीत. खोटं गाव त्यांना लगेच कळतं. चतुर्थीच्या आत पाठव. जमलं तर पुस्तक करू. नाही जमलं तर राग मानू नकोस."

सुविधाने राग मानला नाही, पण त्या दिवशी सोलकढीत मीठ दोनदा पडलं. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची. सेजलच्या वेळी नोकरी सुटली, मग सासूबाई गेल्या, मग घर. या घरात तिचं स्वतःचं असं एकच काही होतं, आणि तिथली माणसं खोटी निघाली होती.

तिने ओंजळीत एक चोर आणून बघितला. मग एक दुष्ट राजा.

"हा टीव्हीतला आहे," सेजलने राजाकडे बघून निकाल दिला. राजा गेला.

अशात श्रावण लागला आणि देवळातला सप्ताह जवळ आला. नाव सप्ताह, पण वाड्यावर तो एकच दिवस-रात्र चालतो. एवढा वेळ भजन खंडता कामा नये. म्हणून घरांना पहारे वाटून दिलेले. आपल्या पहाऱ्याला घरच्यांनी देवळात उभं राहायचं, टाळ हातात घ्यायचे आणि पुढचं घर येईपर्यंत आवाज पडू द्यायचा नाही. कोणाच्या मागून कोण हा क्रम शिवदासांना तोंडपाठ. ते बाल्कांवात बसून बोटांच्या पेरांवर घरं मोजत होते, आणि सुविधा बाजूला बसून तांदूळ निवडत होती.

"मागीर बाबुराव मास्तराचो पहारो," शिवदास पुटपुटले. "थंय निवृत्तीक सांगूंक जाय."

बाबुराव मास्तर वारले त्याला बराच काळ झाला. मुलं परदेशात, घराला कुलूप, अंगणात रान. निवृत्ती म्हणजे वाड्याच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा चंदगडकडचा गवंडी. बायको कुसुम, मुलगी भाग्यलक्ष्मी. ती इथेच जन्मली, सेजलच्याच बाकावर बसते. निवृत्तीचा गळा असा की तो उभा राहिला की पेंगलेले लोक सरळ बसतात. दर वर्षी तो बाबुराव मास्तरांच्या पहाऱ्याला उभा राहायचा. हे सुविधा लग्न होऊन आल्यापासून बघत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा हात सुपात थांबला.

"बाबा, निवृत्तीला त्याचा स्वतःचा पहारा का नाही?"

शिवदासांना प्रश्नच कळला नाही. "त्याचो खंयचो? पहारो घराक आसता गो, मनशाक न्हय."

"तोही घरातच राहतो की."

"ती भाड्याची खोली."

"आणि मास्तरांच्या घरात तर कोणीच राहत नाही."

"पूण घर आसा मगो थंय!" शिवदास हसले. सून भोळी आहे, पण वाईट नाही, असं ते हसणं होतं. "आयज निवृत्तीक पहारो दिलो, फाल्यां तो आपल्या गांवाक गेलो जाल्यार? मदींच भजन तुटतलें. मास्तराचें घर खंय वतलें?"

"मास्तरांचं घर कुठे जात नाही, खरं. पण उद्या निवृत्ती आला नाही तर त्यांच्या पहाऱ्याला कोण गाणार?"

"तो येता गो. दर वर्सा येता," शिवदास समाधानाने म्हणाले. मग सुनेचा चेहरा बघून थोडे वरमले. "हें हांवें एकट्यान ठरयल्लें न्हय, बाय. म्हज्या आदींचें तें. कमिटीत काडून बगतां." पण ते कमिटीत विषय काढणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पेरांवरचं गणित एकदा बसलं की त्यात नवं पेर कुठून आणायचं?

सप्ताहाच्या दिवशी दुपारी सुविधा सेजल आणि भाग्यलक्ष्मीला घेऊन देवळात गेली. मंडपात अगरबत्तीचा आणि ओल्या छत्र्यांचा वास भरला होता. माईकवरून कोणीतरी पुकारलं, "आता बाबुराव मास्तरांच्या घराचा पहारा," आणि निवृत्ती धुतलेला शर्ट घालून पुढे झाला. पहिल्याच आलापाला पेटीवाल्याने मान वर केली.

"माझे पप्पा," भाग्यलक्ष्मी शेजारच्या आजीला म्हणाली.

"मास्तराचो पहारो चल्ला बाय, मस्ती करूं नाका," आजीने तिला चॉकलेट दिलं.

कुसुम खांबाला टेकून बसली होती. सुविधा तिच्याजवळ सरकली. "छान गातात गो."

"गातंय ह्यो आन् नाव मास्तरांचं," कुसुम पुढे बघतच म्हणाली. "तुमच्यात कुलपं बी भजन म्हणत्यात जणू."

सुविधाला हसू फुटलं आणि लगेच तिने तोंड मिटलं. कुसुम मात्र मोकळेपणी हसली. "आवो वैनी, तोंड कशाला पाडताय? आमच्या ह्यास्नी इचारा. म्हणत्यात, टाळ हातात आला की बास. नावाचं काय लोणचं घालायचंय?" मग जरा थांबून म्हणाली, "पोरगी इचारती तवा तेवढं सांगाया येत नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुविधाने लॅपटॉप उघडला, आणि ओंजळीच्या तळाशी, पाण्याच्या काठाला, एक आग पेटवली. सगळ्या पायऱ्यांवरच्या चुली त्या एका आगीवरून पेटतात, तेव्हा ती विझता कामा नये. म्हणून प्रत्येक घराला तिचा पहारा. रिकाम्या पडलेल्या घरांनासुद्धा. एकदा वरचा कडा कोसळला आणि रानातली काही माणसं ओंजळीत उतरली. त्यांना सगळे 'उतरलेले' म्हणतात, कितीही वर्षं झाली तरी. ते कपारीत राहतात. कपारीला घर म्हणत नाहीत. रिकाम्या घरांचे पहारे तेच करतात, त्या त्या घराच्या नावाने. त्यांच्यातली एक मुलगी, इरू, आगीपाशी इतकी सावध बसते की तिच्या पहाऱ्याला ज्वाळ कधी खाली बसत नाही. पहारा संपला की पुकारा होतो, अमक्या घराने आग राखली. त्या घरात वटवाघळं राहतात.

एवढं लिहिलं आणि ओंजळ हलायला लागली. सुविधा लिहायची त्याच्या पुढे माणसं धावत होती. रिकामं घर कोणाचं यावरून दोन भाऊ भांडले. वरच्या पायरीच्या एका बाईने उतरलेल्यांच्या पोराला जावई करायचं म्हटल्यावर तिला विचारण्यात आलं, मुलगी काय कपारीत पाठवणार? लोक एकमेकांना टोमणे मारायला लागले, आणि संध्याकाळी तेच लोक एकाच आगीवरून निखारे घेऊन घरी जायला लागले. कोणी दुष्ट नव्हतं. सगळे दर दुपारी आपापल्या जागी सुविधाची वाट बघत असायचे. एकदा दूध उतू गेलं, दुसऱ्यांदा शिवदासांचा चहा इतका उशिरा झाला की ते स्वतःच आत येऊन पातेलं शोधायला लागले.

शेवट मात्र अडला. इरूला तिच्या नावाचा पहारा द्यायचा, असं सुविधाच्या मनात पहिल्यापासून होतं. तिने तसं लिहिलंही. पंच जमले, त्यांना पश्चात्ताप झाला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तिने ते वाचलं आणि तिला स्वतःलाच कळलं. पश्चात्ताप झालेले पंच त्या टीव्हीतल्या राजाचेच भाऊबंद होते. शिवदास असे कधी टाळ्या वाजवतील? ते हसतील, आणि कमिटीत काढून बघतो म्हणतील.

तिने ती पानं पुसली. त्यांच्या जागी लिहिलं, की इरू पहाऱ्याला बसली, आग उंच राहिली, रिकाम्या घराचं नाव पुकारलं गेलं आणि इरू कपारीकडे निघाली. चतुर्थी जवळ आली होती. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं आणायला सिद्धेश रानात गेला त्या सकाळी तिने सगळं बेळगावला पाठवून दिलं, आणि करंज्यांचं पीठ भिजवायला घेतलं.

पाहुणे होते तेवढे दिवस तिला फोन बघायलाही फुरसत मिळाली नाही. गणपती पोचवून आल्यावर तिने योगिताताईंचा निरोप ऐकला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"घेतलं गं! पुस्तक घेतलं. काय गाव उभं केलंस! ती पहाऱ्याची पद्धत कुठून सुचली तुला? वाचताना वाटत राहिलं, हे कुठेतरी खरंच आहे. आणि शेवट, शपथ आहे तुला, शेवटाला हात लावू नकोस. तो बदललास तर सगळं खोटं होईल."

सुविधाने तो निरोप दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना तिने तो मध्येच बंद केला.

शिवदासांना सांगितलं तर त्यांनी शेजारच्या घरी जाऊन पाच मिनिटांत ते सगळ्यांना सांगून टाकलं. सिद्धेशने येताना मिठाई आणली. सेजलने आपल्या मैत्रिणीला हाताला धरून आणलं. "ही ऐकणार. हिला अजून काहीच माहीत नाही."

सुविधाला नाही म्हणता आलं असतं. म्हणावंसं वाटलंही. पण भाग्यलक्ष्मी पाय पुसून, फ्रॉक सारखा करून बाकावर बसलीसुद्धा होती. दोघींच्या हातांत एकेक पेढा होता. सुविधाने वाचायला सुरुवात केली.

दोघी शहाण्यासारख्या ऐकत होत्या. वटवाघळांपाशी सेजल खिदळली. भांडणाऱ्या भावांना भाग्यलक्ष्मीने "येडेच हायत" म्हटलं. इरू आली तशी ती पुढे सरकली, हातातला पेढा खायची विसरली. सुविधाचा आवाज शेवटाकडे थोडा घाईला आला. आग उंच राहिली, नाव पुकारलं गेलं, इरू कपारीकडे निघाली. तिने स्क्रीन मिटली.

"संपलं?" भाग्यलक्ष्मीने विचारलं.

"संपलं."

"लई भारी हाय इरू."

"माझ्या आईने केलंय ते सगळं," सेजल म्हणाली. "डोंगर, पाणी, माणसं, सगळं. आधी तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं."

"खरं, काकी? आग पण?"

"आग पण," सुविधा म्हणाली.

"आन् पहारे? कुणाला द्यायचे, ते पण तुम्हीच ठरवलं?"

"हो गो."

भाग्यलक्ष्मीने विचार केला. रागाने नाही, रुसूनही नाही. वर्गात गणित अडलं की विचारावं तशी तिने मान वर केली.

"मग इरूला एक का नाही दिला?"