रतिलाल शेठचा पगारी खेळाडू

१९३८ साली नंदुरबारच्या रतिलाल शेठनी आपल्या जिनिंग कारखान्याचा बास्केटबॉल संघ काढला आणि नवापूरच्या डोंगराकडचा याकूब तिथे पगारी खेळाडू म्हणून आला. बडोद्याच्या कॉलेजात संघाचे बहुतेक गोल तोच करी. इथे दिवसा कापसाच्या गाठींवर शिक्के मारायचे, संध्याकाळी खेळायचं.

पण इथे गोल होईनात. याकूब बास्केटच्या कडीखाली हात वर करून उभा राही आणि चेंडू भलतीकडेच जाई. शेठ सामना अर्धा टाकून उठून जाऊ लागले.

"तू वाट देखत उभा ऱ्हास," कप्तान मेहबूब एकदा म्हणाला. "कॉलेजमा चेंडू कोन दे तुले?"

"सुकराम."

"मग त्यालेच आनतास!"

सगळे हसले. याकूबला अहिराणी समजे, पण तोंडात येत नसे आणि त्याच्या घरची बोली इथे कुणालाच ठाऊक नव्हती. खोलीवर येऊन तो मुकाट्यानं भाकरी थापी.

एका रविवारी तो गाडीनं नवापूरला गेला आणि तिथून चालत सुकरामच्या पाड्यावर. वडील वारल्यावर कॉलेज सोडून आलेला सुकराम बायकोबरोबर भात कापत होता. त्याच्या बायकोनं, रेवाबाईनं, पाणी दिलं.

"चल माझ्याबरोबर," याकूब म्हणाला. "शेठशी बोलतो मी."

"आणि भात?"

"मग मला चेंडू कसा द्यायचास, ते तरी सांग."

सुकराम विळा घेऊन तसाच उभा राहिला. "तुला कुठे द्यायचो? मोकळी जागा दिसली की तिकडे फेकायचो. तू पळत यायचास."

"मी पळायचो?"

"उभा कधी राहिलास रे तू?"

पगार सुरू झाल्यापासून, चुकेल या धास्तीनं, याकूब कडीखालून हललाच नव्हता.

परत आल्यावर तो पळू लागला. कितीतरी दिवस चेंडू आलाच नाही. तरी पळत राहिला. मग रेल्वेच्या संघाशी खेळताना घेरलेल्या मेहबूबनं चेंडू नुसताच भिरकावला आणि याकूब तिथे होता. गोल झाला. नंतर मेहबूब मुद्दाम तसं फेकू लागला.

नोकरी कायम झाली. शेठनी पाठ थोपटली. खेळ संपला की जो तो आपापल्या घरी जाई आणि याकूब खोलीवर.

गोल होऊ लागल्याचं सुकरामला सांगायला तो रविवारी निघणार होता, तर सामना लागला. पुढच्या रविवारीही लागला. नवापूरची गाडी मैदानामागून जाई, तेव्हा तो पळत असे.