खोल पाण्यातली मुशी

मी माशांचा अभ्यास करते हे अप्पांनी जळकोटात कधी कुणाला सांगितलं नाही. "पोरगी पाणी खात्यात आहे," एवढंच ते म्हणायचे. लोकांना वाटायचं, मी कुठल्यातरी धरणावर असते. प्रत्यक्षात मी कोचीच्या एका प्रयोगशाळेत खोल समुद्रातल्या मुशींवर, म्हणजे लहान शार्क माशांवर, काम करते. आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, त्यामुळे अप्पांची अडचण मला समजायची.

मार्गशीर्षात मी रजा काढून आले तेव्हा त्यांचं वजन बेचाळीस किलो होतं. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पोचला होता आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. भुसाराचं दुकान माझा धाकटा भाऊ बसवेश बघत होता. अप्पांचं एकच काम उरलं होतं. सकाळी अंग पुसून झालं की उशीला टेकून बसायचं, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडं बघत राहायचं. हात फार वेळ उचलून धरवत नसे, म्हणून अव्वा, आमची आई, मनगटाखाली उशी सरकवायची. त्या वीस मिनिटांत दुखतंय असं ते म्हणत नसत.

"तेवढं शेवटपर्यंत हातनं व्हावं," आल्या दिवशीच ते मला म्हणाले. "बाकी गेलं तर जाऊ दे."

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात अव्वा एका पारदर्शक कॅप्सूलला सुई टोचत होती. आतलं तेल तिनं शिकरणीच्या वाटीत पिळलं. "सबंध गोळी गिळवत न्हाय त्यास्नी," ती म्हणाली.

"कसली गोळी?"

"समुद्रातल्या झाडपाल्याची. बसवेशनं नळदुर्गाहून आणली. मंगल कार्यालयात मीटिंग होती त्या गोळ्या विकणाऱ्या लोकांची. एकवीस दिवस झाले. भूक लागायलीय बघ."

बाटलीवर निळी लाट होती. मासा नव्हता, शाकाहारी-मांसाहारी दाखवणारा हिरवा किंवा लाल ठिपका नव्हता. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं: स्क्वालीन, खोल सागरी स्रोत. समुद्रातलं आणि तेल, म्हणजे वनस्पतीच, असं आमच्या घरानं धरून चाललं होतं. ज्यांनी कधी मासळी घरात आणलेली नाही त्यांना माशाच्या तेलाचा वास तरी कसा ओळखू यावा?

हे मुशीचं तेल आहे, असं मी अव्वाला सांगितलं. तिनं सुई खाली ठेवली.

"गुण तरी येतोय ना?"

"नाही अव्वा. या आजाराला त्याचा काही उपयोग नाही."

"मग आजपास्नं बंद. पण त्यास्नी बोलू नकोस. तुला हात जोडते, शिवप्रिया."

मी बोलणार नव्हते. पण त्याच दुपारी अप्पांनीच विषय काढला.

"तू तिथं नेमकं करतीस काय? उभ्या जन्मात इचारलं न्हाय म्या. आता सांग."

"माशांचं आहे, अप्पा."

"ठावं हाय. पाणी खातं मीच काढलंय." ते हसले. "सांग की."

मी सांगत गेले. चारपाचशे मीटर खाली उजेड जवळजवळ पोचत नाही, तिथं एक मुशी असते. हातभर ते दोन हात लांब, राखाडी, मोठे हिरवे डोळे. इतर माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते, हिच्यात ती नसते. तिला तरंगत ठेवतं तिचं काळीज, म्हणजे यकृत. वजनाचा चौथा हिस्सा नुसतं काळीज, आणि ते तेलानं भरलेलं.

"आन् धरतात कशी?"

"दहा-बारा किलोमीटर लांब दोर असतो. त्याला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या, प्रत्येकीला गळ. गळाला तारली माशाचा तुकडा. दोर वजनं बांधून तळाशी सोडतात, पाचसहा तास ठेवतात, मग यंत्रानं ओढून घेतात."

"गळ किती?"

"हजार, दीड हजार."

"आन् पिल्लं?"

"एक. क्वचित दोन. पोटात दोन वर्षं वाढतं. मादी वयात यायलाच पंधरा वर्षं लागतात."

अप्पांनी आयुष्यभर तूर-हरभरा मापला होता. त्यांचे ओठ हलले. "मग ती संपलीच की."

"काही ठिकाणी संपली. बंदी घातली तरी परत भरून येत नाही."

"अशा माशाला धरतात तरी कामून? खायला?"

"मांस बहुतेक टाकून देतात. काळीज ठेवतात. तेलासाठी."

"तेलाचं काय करतात?"

इथं मला काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. सौंदर्यप्रसाधनं, वंगण, तेही खरंच आहे. पण मी थांबले. किती वेळ ते आठवत नाही, पण त्यांना तेवढा पुरला. त्यांनी फडताळाकडं पाहिलं. निळ्या लाटेची बाटली तिथंच होती.

"त्या बाटलीत तेच हाय?"

"हो."

त्यांनी बाटलीवरून नजर काढून आपला डावा तळहात पाहिला. मग म्हणाले, "हात धुवायला पाणी दे."

दुसऱ्या दिवशी अव्वानं विभूती, बेलपत्र, पाण्याची वाटी मांडली. अप्पांनी डबी उघडली नाही. "ह्या हातावर न्हाय," एवढंच म्हणाले. मी त्यांना हिशोब सांगितला: एका मुशीच्या काळजातून दहाबारा बाटल्या निघतात, तुमच्या पोटात एका बाटलीपेक्षाही कमी गेलंय.

"तिच्या पोटात पिल्लू होतं का?"

मोठ्या काळजाची मुशी म्हणजे मोठी मादी, आणि मोठी मादी बहुधा गाभण. "सांगता येत नाही, अप्पा."

बसवेशनं गावातल्या जंगमांना, आमच्या गुरू गौरीशंकर स्वामींना, आणलं. त्यांनी कपाळाला विभूती लावली. "अजाणता झालं, महांतप्पा. दोष लागत न्हाय. लिंग हातात घ्या."

"स्वामी," अप्पा म्हणाले, "तिला दोन वर्षांत एक पिल्लू हुतं."

स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. डबी बंदच राहिली.

त्यानंतर प्रत्येक वाटीला ते विचारू लागले, "यात काय हाय?" अव्वाला नाही, बसवेशला नाही, मला. बसवेश एकदा चिडला, "अप्पा, दूध हाय दूध! घरच्या म्हशीचं!" त्यांनी माझ्याकडंच पाहिलं. मी 'हो' अशी मान हलवल्यावर दोन घोट घेतले.

डबी बंद राहिल्यापासून पाचव्या दिवशी त्यांनी दवाखान्याची वेदनेवरची कॅप्सूल हातात धरली. "हे वरचं साल कशाचं?"

"जिलेटिन. जनावरांच्या हाडांचं."

त्यांनी ती परत दिली. दुपारपर्यंत त्यांना सरळ बसवेना. मी डॉक्टरांना फोन केला. तेच औषध साध्या गोळीत मिळतं, पण सोलापुरात. बसवेश मोटारसायकलवर गेला आणि दिवेलागणीला पाकीट घेऊन आला. गोळी पांढरी होती, साल नव्हतं. मी घटकांची यादी वाचली. मॅग्नेशियम स्टिअरेट. ते वनस्पतीच्या तेलापासून करतात, जनावरांच्या चरबीपासूनही करतात. कशापासून केलंय ते पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. कंपनीचा नंबर मी तीनदा लावला, कुणी उचलला नाही.

अप्पांनी गोळी हातात घेतली; कपाळावर घाम होता. "यात काय हाय?"

दारातून अव्वा म्हणाली, "शुद्ध हाय म्हण की गं!"

तिचं ते म्हणणं अप्पांनीही ऐकलं होतं. आता मी शुद्ध आहे म्हटलं तरी ते मला तिनंच शिकवलंय असं त्यांना वाटलं असतं.

"मला माहीत नाही, अप्पा."

त्यांनी कळलं अशी मान हलवली, गोळी वाटीत ठेवली, भिंतीकडं तोंड केलं आणि गुडघे पोटाशी ओढून घेतले.