जावयाच्या चपला

कानात कापूस, डोक्याला करकचून बांधलेलं फडकं, खाटेखाली धुमसणारी शेगडी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणे. फोनही हातात द्यायचा नाही, डोळे जातात म्हणे.

पोरगी बावीस दिवसांची झाली होती आणि तिच्याकडं बघून मला काहीच वाटत नव्हतं. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, एकदा सांगून बघितलं. "असलं अभद्र बोलू नये गं, दृष्ट लागलीय तुला," म्हणत तिनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसक्यानं पोरगी रडली. मी रडलेसुद्धा नाही. मला माझीच भीती वाटायला लागली. म्हटलं, रविवारी वीरेश येईल तेव्हा त्यालाच सांगायचं. नवरा आहे, ऐकेल.

पण माहेरी जावई म्हणजे देवच की हो! अकराच्या बसनं राणेबेन्नूरहून आला. पाय धुवायला पाणी, बसायला खुर्ची, मग सरबत, मग होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या. दाराच्या फटीतून मला त्याचा एक गुडघा तेवढा दिसत होता.

"आणखी एक घ्या, जावईबापू. तुपाला कसली लाज?"

अगं, पुरे कर की! त्याला आत सोड!

शेवटी आला, तो उंबऱ्यापर्यंतच. मागं अव्वा उभी.

"बरी आहेस ना?"

"तिला काय धाड भरलीय?" अव्वाच बोलली. "खाते नि झोपते, राणीसारखी."

मग त्याला पान दिलं, सोप्यात चटई अंथरली. एवढं खाल्ल्यावर माणूस झोपणारच, मेला. उठला तेव्हा चारच्या बसची वेळ झालेली. "येतो," असा आवाज आला.

पोरीला पाळण्यात टाकलं, कानातला कापूस उपसला आणि उंबरा ओलांडून थेट बाहेरच्या पायरीवर बसले. त्याच्या चपला उचलून मांडीवर घेतल्या.

"अगं बया! वारा लागेल! आणि चपला कसल्या मांडीवर घेतेस, वेड लागलं काय?"

वीरेश पुढ्यात उकिडवा बसला. "काय झालं?"

इतके दिवस घोकून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

"मला झोप लागत नाही हो. एकही दिवस नाही लागली."

त्याचा चेहरा उतरला. "मी रोज सात वाजता फोन करतो. आई रोज म्हणतात, झोपलीय."

म्हणजे ती घंटी माझ्यासाठी होती. कापसातून ऐकू यायची ती मला. रोज वाटायचं, जगाची विचारपूस होतेय, माझी तेवढी नाही.

अव्वा पदराशी चाळा करत उभी राहिली. फाट्यावर हॉर्न वाजला. "जावईबापू, बस..." माझे अप्पा दारातून चाचरत म्हणाले.

"जाऊ दे," म्हणत वीरेश माझ्याशेजारी पायरीवर बसला. बस गेली. तिचा आवाज पार विरला, तरी मी चपला सोडल्या नाहीत.