चव्वेचाळीस किलोंचा चोर

आमच्या घरात जावयाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ आणि सुनेचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यामुळे नणंदेचे यजमान चुन्याच्या भट्टीचा कारभार बघायला आले आणि आल्या आल्या त्यांनी वजनकाटा विकत आणला, तेव्हा घरभर त्यांच्या हुशारीचं कौतुक झालं.

तोवर भट्टीवरचा माल टोपल्यांनी मोजत. चुनखडीचे दगड टोपल्या भरून आत जात आणि भाजून चुना झाला की जवळजवळ तेवढ्याच टोपल्या बाहेर येत. भाजला तरी दगडाचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. जावईबापूंनी मात्र दोन्ही वेळा वजन केलं. आत शंभर किलो, बाहेर छप्पन्न.

"मग चव्वेचाळीस किलो गेले कुठे?" ते सासऱ्यांना म्हणाले. "तुमचे भट्टीकाका तुम्हालाच चुना लावतायत, बाबा."

भट्टीकाका म्हणजे भट्टीची आग सांभाळणारे आमचे जुने कामगार. ते एवढंच म्हणाले, "भाजलं की हलकं होतंच की, मालक. तुम्हीही टोपल्या उचलल्यात की एके काळी." सासऱ्यांनी पुन्हा काट्याकडेच पाहिलं.

लग्नाआधी मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. ही गोष्ट सासरी फक्त कपड्यांचे डाग निघेनासे झाले की आठवायची. तरी मी तोंड उघडलंच. "चुनखडी हे संयुग आहे. कुठल्याही खाणीतली आणा, तिच्यातलं चुन्याचं आणि वायूचं प्रमाण ठरलेलंच असतं. तापवली की वायू उडून जातो. शंभरातले चव्वेचाळीस जाणारच. काका एक दगडसुद्धा कच्चा ठेवत नाहीत, एवढंच यातून सिद्ध होतं."

जावईबापू मनापासून हसले. "वहिनी, हवेला कधी वजन असतं का?"

सासरेही हसले. जावयाचं मला काही वाटलं नाही, पण सासरे हसले ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पहारेकरी आला. सुटी झाली की काका दोन्ही हात वर करून उभे राहायचे आणि तो त्यांचे खिसे चाचपायचा. जवळजवळ अर्धी भट्टी खिशातून नेणारा माणूस! खिशात रुमाल आणि घराची किल्ली सापडायची. आठवड्याभरात काकांना कामावरून काढलं.

नवा माणूस आला. त्याला जावईबापूंनी कोळसा निम्म्यावर आणायला लावला. आणि काय चमत्कार! शंभर किलोंतून ऐंशी किलो माल निघू लागला. चोर गेला, माल वाढला, आता आणखी पुरावा कशाला? मी म्हटलं, वाढलेलं वजन म्हणजे न भाजलेला दगड आहे. सासूबाईंनी मला चहा टाकायला सांगितलं.

त्या भरघोस चुन्याचा पहिला गिलावा जावईबापूंच्याच नव्या घराला झाला. नणंदेने हौसेने लग्नाचा फोटो लावायला खिळा ठोकला, तर फोटोसकट गिलावा खाली आला. एक ढलपा जावईबापूंच्या खांद्यावर पडला. निदान ढलप्याला वजन असतं, हे त्यांना पटलं.

सासऱ्यांनी एक तुकडा उचलून हातात मोडला. आत कच्च्या दगडाचे खडे तसेच होते. संध्याकाळी ते स्वतः काकांच्या घरी गेले. माफी मागितली का, कोण जाणे. मालक लोक सहसा "उद्यापासून या" एवढंच म्हणतात.

काका आले. त्यांनी भट्टी नीट पेटवली आणि पहिला माल स्वतःच काट्यावर ठेवला. छप्पन्न किलो.

"तुझंच बरोबर होतं गं," सासरे मला म्हणाले. मला सुखाने रडूच यायचं बाकी होतं.

सुटी झाली. पहारेकरी केव्हाच गेला होता, फाटक सताड उघडं होतं. काका तिथवर गेले, थांबले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"अहो काका, आता कुणी तपासत नाही," मी म्हटलं.

"चव्वेचाळीस किलो आजही कमीच भरलेत, सूनबाई," ते म्हणाले. "मालकांना बघू द्या."

सासरे पुढे आले. त्यांनी काकांचे हात धरून खाली घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.