टिपरी कुठं तोडायची

निरवांगीच्या हिंदुराव तात्यांना उसाचं नाव वाचता यायचं, आणि ते ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नसायची. इंदापूरच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या अनोळखी माणसालाही ते धरून बसवत. "को शहाऐंशी शून्य बत्तीस. को म्हंजे कोइमतूर, शहाऐंशी म्हंजे साल, आन बत्तीस त्या सालचा नंबर. नुसतं नाव न्हाय ते, जन्मदाखला हाय." तेवढ्यात त्या बिचाऱ्याची एसटी निघून गेली तरी तात्यांना त्याचं सोयरसुतक नसे.

तर असे हे तात्या साखर कारखान्याचे संचालक आणि त्याच्या खरेदी समितीवर, हंगाम तोंडावर आलेला, आणि नेमकी तेव्हाच सर्व्हरनं मान टाकली. सर्व्हर म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांचा कारभारी. कुणी ऊस कधी लावला आणि कुणाची तोड आधी, हे तोच सांगायचा. नोंदींच्या नकला शाबूत होत्या, पण त्या चालवायला मशीन नको? ते वेळेत आलं नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या फडात ऊसतोडीची टोळी आधी शिरणार आणि भामाबाईसारखीचा एकरभर ऊस उभ्या उभ्या वाळणार. भामाबाईचं रान तात्यांच्या बांधाला लागून. "तात्या, औंदा तरी माझी पाळी चुकू देऊ नका," एवढंच ती म्हणाली होती. तात्यांना ते लागलं होतं.

म्हणून ते स्वरदाला घेऊन बारामतीला आले. स्वरदा कारखान्याची नवी कॉम्प्युटर इंजिनियर. अजून नोकरीत कायम झाली नव्हती. वापरलेले पण धडधाकट सर्व्हर विकणाऱ्या ऋषिराजच्या दुकानात दोन मशीनं पुढ्यात आली. एकावर लिहिलेलं के ९२०, दुसऱ्यावर के ७४०. किमतीत फारसा फरक नव्हता.

तात्या खूश झाले. नावं वाचायची म्हणजे त्यांच्याच शिवारातलं काम. "ब्याण्णव सोडून चौऱ्याहत्तर सालचं कोण घेतंय?" असं म्हणत त्यांनी स्वरदाचं तोंड उघडायच्या आत ऋषिराजच्या हातावर हात मारला. आता आमच्याकडं हातावर हात मारला की व्यवहार संपला. बैलाचा असो नाही तर जमिनीचा, तिथून मागं फिरणारा माणूस चार लोकांत बसायच्या लायकीचा राहत नाही. तात्या तर जन्मात कधी फिरले नव्हते.

"तात्या, चहा घेऊ या का?" एवढंच स्वरदा म्हणाली. समोरच्या टपरीवर तिनं त्यांना बाकावर बसवलं. चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला असता तर तात्या हट्टालाच पेटले असते, आणि पोरीनं ते बरोबर ओळखलं होतं.

"तात्या, लागणीचं बेणं तोडताना उसाची टिपरी कुठं तोडता?"

"कुठं म्हंजे? दोन डोळ्यांच्या मधी. कोंब फुटतो त्या डोळ्यावरच कोयता पडला तर उगवंल काय?"

"हेही नाव तसंच आहे. तुम्ही डोळ्यावर तोडलंत." तिनं बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवून ९२० लिहिलं आणि आकडे वेगळे केले. "के म्हणजे कपाटात बसणारं. नऊ म्हणजे किती मोठ्या कामाचं. दोन म्हणजे पिढी. शेवटचं शून्य म्हणजे आत मेंदू कुठल्या घराण्याचा. हे धिप्पाड आहे, पण दुसऱ्या पिढीचं. सातशे चाळीस अंगानं लहान असलं तरी चौथ्या पिढीचं आहे. आपला प्रोग्रॅम तिसरीच्या खाली चालतच नाही, तात्या. ते घेतलं तर ऐन हंगामात नुसतं शोभेला उभं राहील."

तात्या त्या चहाच्या आकड्यांकडं बघत राहिले. काय पोर आहे ही! नोकरी कच्ची, समोर संचालक, तरी घाबरली नाही आणि शहाणपणाही मिरवला नाही. त्यांचाच कोयता त्यांच्या हातात देऊन नीट तोडायला शिकवलं. तात्यांना तिचा असा काही अभिमान वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. पण हात मारलेला होता, त्याचं काय?

ते उठले, थेट दुकानात गेले. "ऋषिराजराव, माझा हात मागं घेतो. मला वाचता आलं न्हाय, हिला आलं. ही म्हणंल ते द्या." हे बोलताना त्यांचे कान तापले होते. ऋषिराजनं मान डोलावली आणि सातशे चाळीस बांधायला घेतलं. तेवढ्या वेळात तात्यांनी दुकानातल्या सगळ्या मशीनांची नावं नव्यानं तोडून पाहिली. एकही चुकलं नाही, आणि दर वेळी त्यांनी स्वरदाकडं वळून पाहिलं.

हंगाम सुरू झाला. वजनकाट्यापाशी स्क्रीनवर पाळ्या झळकू लागल्या, आणि निरवांगीत पहिलं नाव आलं भामाबाईचं. तात्यांचं कुठंतरी खाली होतं. मशीन आलं नसतं तर संचालक म्हणून टोळी आधी त्यांच्याच फडात शिरली असती, हे काट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"तात्या, तुमचा ऊस मागं राहिला की," कुणीतरी चिमटा काढला.

"राहू दे," तात्या म्हणाले. भामाबाईची ट्रॉली काट्यावर चढत होती. "पोरीनं नीट तोडलंय."